ताबडतोबीची उतरंड

इंग्रजी भाषेत 'इमिजिएटली' म्हणून जे एक रोजच्या वापरातले कालवाचक क्रियाविशेषण आहे, त्याच्यापुढे 'लगेच' एवढा एक मराठी शब्द लिहिला की शाळेच्या फळ्यावरचे काम भागते. आणि महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले त्या सुमारास बीड जिल्ह्यातल्या एका हायस्कुलात काही काळ इंग्रजी शिकवीत असताना मीही तेवढ्यावरच भागवीत असे. पुढे महसूल खात्यात कारकुनी पत्करली आणि 'मास्तरला इंग्रजी येते' एवढ्या एकाच कारणास्तव विभागीय आयुक्तांकडून व मुंबईच्या सचिवालयातून येणाऱ्या इंग्रजी पत्रांवरून तालुक्यातल्या गावोगावच्या कामगारांसाठी मराठी मसुदे करण्याचे काम माझ्या गळ्यात पडले. तेव्हा कोठे ध्यानात आले, की या एका शब्दासाठी आमच्या कचेरीत डझनभर प्रतिशब्द हजर आहेत, सर्वांचा अर्थ कोशात एकच दिलेला आहे, आणि तरीही त्यांपैकी कोणताही एक दुसऱ्याच्या जागी बसविला तर तहसीलदारांपासून पट्टेवाल्यापर्यंत प्रत्येकाला तो खटकतो.

याचे एक कारण उघड होते. त्या कचेरीच्या दप्तरात तीन राजवटी एकाच वेळी नांदत होत्या. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत जिल्हा निजामाच्या अमलाखाली होता. तेव्हा जिल्ह्याचा कलेक्टर 'अव्वल तालुकदार', संचिका म्हणजे 'मिसल', सरकारी पत्र म्हणजे 'मुरासला', मंडळ निरीक्षक म्हणजे 'गिरदावर', अंबाजोगाई कागदोपत्री 'मोमिनाबाद', आणि वर्ष फसली, आजूर महिन्यापासून सुरू होणारे. त्या उर्दू कारभारात 'फौरन', 'फिलफौर', 'बिला ताखीर' आणि 'जल्द अज जल्द' असे चार शब्द चालत. १९५६ च्या नोव्हेंबरात मराठवाडा मुंबई राज्यात आला. त्याबरोबर अँडरसनसाहेबाचे गावनमुने आले, टॉटनहॅमची दप्तरपद्धत आली, आणि पुण्या-नगरकडून बदलून आलेल्या कारकुनांच्या जिभेवर बसून 'ताबडतोब', 'तूर्त' आणि 'उलट टपाली' हे शब्द आले. १९६० साली भाषा संचालनालय स्थापन झाले, १९६४ साली राजभाषा अधिनियम झाला, आणि मग परिपत्रकांतून 'तत्काळ', 'अविलंब', 'सत्वर', 'यथाशीघ्र' ही संस्कृत मंडळी कचेरीत शिरली. जुनी मंडळी मात्र कोणी बाहेर काढली नाही. एकाच पत्रात वरती 'अविलंब', मध्ये 'ताबडतोब' आणि समासात वरिष्ठांच्या शाईत 'फौरन', असे कागद मी कितीतरी पाहिले आहेत.

आमचे पेशकारसाहेब हे या सगळ्या शब्दांचे जाणकार होते. त्यांचा हुद्दा एव्हाना 'नायब तहसीलदार' झाला होता, परंतु त्या नावाने त्यांना हाक मारल्याचे मी कधी ऐकले नाही. सारे शिक्षण उर्दूतून झालेले, उस्मानिया विद्यापीठाच्या तर्जुम्याच्या ग्रंथांवर पोसलेली त्यांची बुद्धी. मराठी लिहीत ती मोजकी आणि बिनचूक, बोलत ती मात्र अस्सल मराठवाडी. एकदा आयुक्तांच्या पत्रातील 'इमिजिएटली'ला 'सत्वर' लिहून मी मसुदा त्यांच्यापुढे ठेवला, तेव्हा त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून विचारले, "मास्तर, माने मागून बघू. आधी हे बोला, कुणी कुणाला लिहिलं?"

"आयुक्तांनी आपल्याला, आणि आता आपण तलाठ्यांना," मी म्हणालो.

"मग 'सत्वर' कशाला? 'सत्वर' बरोबरीच्याला. तलाठ्याला 'ताबडतोब'. अन् आयुक्तांना उलट लिहाल तेव्हा यातला एकबी शब्द नको."

एवढ्या तीन वाक्यांत मला जे व्याकरण मिळाले, ते कोणत्याही कोशात मिळाले नसते. कोशकाराचे काम शब्द एका ओळीत मांडण्याचे. मोल्सवर्थ आणि कँडी यांनी गेल्या शतकाच्या आधीच्या शतकात ते काम केले आणि आपल्यावर मोठे उपकार केले. परंतु ओळीत मांडलेले शब्द शेजारी शेजारी उभे असतात, आणि कचेरीतले शब्द एकमेकांच्या डोक्यावर उभे असतात. वरून खाली येणारा काळ 'तात्काळ' व 'ताबडतोब' असतो. समान पायरीवरच्या दोन कार्यालयांमध्ये तो 'सत्वर' किंवा 'त्वरेने' होतो, आणि त्याच्यामागे 'ही विनंती' असे शेपूट लागते. खालून वर जाताना क्रियाविशेषण गळूनच पडते. 'माहिती सादर करण्याची तजवीज ठेवली आहे' असे लिहिले जाते, ज्यात काळाचा काही पत्ताच नसतो. आणि सरकाराकडून रयतेकडे जाताना तोच काळ 'यथावकाश' बनतो: अर्जदारास यथावकाश कळविण्यात येईल. घड्याळ एकच, पण ते जिन्याच्या कोणत्या पायरीवर टांगले आहे त्यावर त्याची चाल ठरते. हे एकदा कळल्यावर मसुद्यांचे काम सोपे झाले. पत्राच्या माथ्यावरचे 'प्रति' आणि तळचे 'आपला' एवढे पाहिले की मधला शब्द आपोआप सुचे.

कचेरीबाहेर पडले, की हेच शब्द दुसऱ्याच नियमांनी वागतात. आठवडी बाजारात, पिंपळाच्या पारावर, गूळ-शेंगदाण्याच्या अडतीवर मी कान उघडे ठेवून हिंडत असे, आणि बोलीने या बाबतीत केवढी सूक्ष्म कारागिरी करून ठेवली आहे हे पाहून थक्क होत असे. 'तडक' हा शब्द पायांचा आहे: माणूस तडक निघतो, तडक घर गाठतो, तडक लिहीत किंवा तडक झोपत मात्र नाही. 'लगोलग' म्हणायला आधी काहीतरी घडून गेलेले असावे लागते. पेरणी झाली आणि लगोलग पाऊस आला, असे. 'पटकन' आणि 'चटकन' ही हाताची कामे. सही पटकन होते, विहीर पटकन होत नाही. 'उभ्या पावली' परतणाऱ्याने पाणीसुद्धा घेतलेले नसते, म्हणून त्यात यजमानाचा थोडा अपमान किंवा पाहुण्याची थोडी घालमेल गृहीत असते. 'तातडीने' म्हटले की कोणीतरी अडचणीत आहे असे ऐकणाऱ्याला वाटते. 'ताबडतोब' म्हटले की कोणीतरी हुकूम सोडला आहे असे वाटते. 'तत्क्षणी' गोष्टीत शोभतो, हुकमात शोभत नाही. 'तत्क्षणी अहवाल पाठवा' असे लिहिणारा साहेब मी पाहिला नाही आणि पाहण्याची इच्छाही नाही. आणि 'अविलंब' हा शब्द तर मोठा गमतीचा: विलंब नको असे सांगण्यासाठी त्याने विलंबालाच पोटात घेतले आहे, त्यामुळे ज्या पत्रात तो येतो त्या पत्राचे घोडे कोठेतरी आधीच अडलेले आहे हे वाचणाऱ्याला न सांगता समजते.

(एका वादाचा येथेच निकाल लावून टाकतो. 'तत्काळ' शुद्ध की 'तात्काळ', यावर आमच्या कचेरीत चहाच्या वेळेस पुष्कळ वाफ दवडली गेली आहे. संस्कृत 'तत्काल' वरून 'तत्काळ' हेच व्युत्पत्तीला धरून आहे, 'तात्कालिक' या विशेषणाच्या ओढीने 'त'ला काना लागला असावा. परंतु लाल चिठ्ठीवर छापून येतो तो 'तात्काळ', आणि छापील चिठ्ठीपुढे पाणिनीचेही चालत नाही. म्हणून मी येथे दोन्ही लिहितो.)

मराठीच्या जुन्या राज्यकारभारात ही पंचाईत वेगळ्या रीतीने सोडविलेली दिसते. मोडीतील जुनी पत्रे वाचणाऱ्यांस 'देखत पत्र' हा वाक्प्रचार परिचित आहे: पत्र दृष्टीस पडताच, म्हणजे वाचून होण्याचीही वाट न पाहता. 'जेवत असाल तर आचवायला इकडे या' हा त्याचाच घरगुती भाऊ. यात काळाचे नाव न घेता काळ बांधलेला आहे. अमुक क्रिया चालू असेल ती पुरी होण्याच्या आत तमुक क्रिया झाली पाहिजे, असा हिशेब. शिवछत्रपतींच्या आज्ञेवरून रघुनाथपंतांनी 'राज्यव्यवहारकोश' सिद्ध केला आणि फारसी संज्ञांना संस्कृत प्रतिशब्द दिले. तोही उद्योग भाषा संचालनालयाच्या उद्योगासारखाच, आणि त्याचेही भवितव्य पुष्कळसे तसेच. कारभारी माणूस नवा शब्द आदराने ठेवून घेतो, आणि जुना शब्द कामाला जुंपतो.

आमच्याकडेही तसेच झाले. आणि त्यातून जी महागाई उद्भवली तिचे वर्णन केल्यावाचून पुढे जाववत नाही. प्रत्येक टेबलावर लाल कागदाच्या चिठ्ठ्यांचा एक गठ्ठा असे, त्यावर 'तात्काळ' असे छापलेले. संचिकेच्या डोक्यावर ती चिठ्ठी टाचली की ती संचिका ढिगाच्या तळाशी न जाता वर राहावी असा संकेत. प्रारंभी तो पाळला गेलाही असेल. माझ्या काळात मात्र ढिगातील बहुतेक सर्व संचिकांना लाल चिठ्ठ्या होत्या, आणि ज्या दोन-तीन संचिका बिनचिठ्ठीच्या असत त्याच नजरेत भरून आधी निकाली निघत. मग 'अतितात्काळ' आले. ते पिकून जुने झाल्यावर 'अत्यंत तातडीचे'. त्यावर कडी म्हणून 'सर्वोच्च प्राधान्य'. आणि अखेरीस, एका अधिकाऱ्याने लाल पेन्सिलीने चिठ्ठीवर 'खरोखर तात्काळ' असे लिहिलेले मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले. बारनिशीतला कारकून मोठा वाकबगार होता. तो म्हणे, "मास्तर, चिठ्ठीचा रंग बघत नसतो मी. कागद कोण घेऊन आलं ते बघतो. टपालानं आला तर टपालासारखा. खास माणूस पाठवला, तो बाकावर बसून राहिला, तर मग तात्काळ."

शब्द असा झिजतो, ही काही मराठीची किंवा मराठवाड्याची खोड नव्हे, हे मला पुढे इंग्रजी शब्दांचे इतिहास चाळताना कळले आणि थोडा दिलासाही वाटला. ज्या 'सून'चा अर्थ आपण 'लवकरच' असा शिकवतो, तो शब्द हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत 'सोना' या रूपात 'त्याच क्षणी' या अर्थाने नांदत होता. 'अनॉन'चे तेच झाले, 'प्रेझंटली'चेही तेच. 'बाय अँड बाय' हा आज निवांत वाटणारा वाक्प्रचार चारशे वर्षांपूर्वीच्या बायबलाच्या इंग्रजी भाषांतरात 'तत्क्षणी' या अर्थाने आलेला आहे. म्हणजे सगळीकडे माणसे 'आत्ता' म्हणतात, मग थोडा उशीर करतात, आणि तो उशीर हळूहळू शब्दाच्या अर्थात मुरतो. मग खऱ्याखुऱ्या 'आत्ता'साठी दुसरा शब्द घडवावा लागतो, आणि त्याचीही तीच गत होते. आमच्याकडे 'आत्ता येतो' असे सांगून गेलेला माणूस रात्रीच्या जेवणाला परतला तरी तो खोटे बोलला असे कोणी म्हणत नाही. खरेच आत्ता यायचे असेल, तर तो 'आत्ताच्या आत्ता' म्हणतो.

एका शब्दाविषयी मात्र सावध राहायला पेशकारसाहेबांनी मला पहिल्याच वर्षी शिकविले. तो शब्द म्हणजे 'तूर्त'. दिसायला किती निरुपद्रवी! इंग्रजीतल्या 'नाऊ'चा किंवा 'फॉर द प्रेझेंट'चा गरीब पुतण्या. परंतु 'प्रकरण तूर्त दप्तरी दाखल' असा शेरा ज्या अर्जावर पडला, तो अर्ज पुन्हा उजेडात आलेला मी क्वचितच पाहिला. 'हल्ली'चा बाज त्याहून वेगळा. तो माणसाच्या पायांखालची जमीन सांगतो. 'हल्ली राहणार' असे लिहिले की वाचणाऱ्याने ओळखावे, की या माणसाचे मूळ गाव दुसरे आहे. बीड जिल्ह्यातल्या कागदांत तो शब्द जितका येतो तितका अन्यत्र येत असेल असे वाटत नाही. दसरा-दिवाळी उलटली की मुकादमाकडून उचल घेऊन कोयता उचलायचा आणि बैलगाड्या जोडून पश्चिमेकडच्या साखर कारखान्यांच्या फडांवर जायचे, हा पाटोदा, आष्टी, गेवराई, धारूर अशा तालुक्यांतल्या हजारो कुटुंबांचा परिपाठ; त्या सहा महिन्यांत त्यांच्या नावची नोटीस गावी गेली की तलाठी शेरा मारून परत पाठवी: 'इसम हल्ली गावी नाही.' कायद्याच्या दृष्टीने नोटिशीची मुदत चालू झालेली असे. आणि ज्याच्यासाठी ती चालू झाली, तो माणूस कोठल्या तरी उसाच्या फडात मोळ्या बांधीत असे.

१९७२ च्या दुष्काळात या सर्व शब्दसंपत्तीची झडती झाली. पावसाने त्याआधीही हात आखडला होता. त्या वर्षी त्याने तोंडच फिरविले. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत विहिरींचे तळ दिसू लागले, कामांवर खडी फोडणाऱ्यांची रीघ लागली, मिलो नावाची परदेशी लाल ज्वारी रेशनवर आली आणि कामांवर सुकडी वाटली जाऊ लागली. बीड शहरालगतच्या खजाना विहिरीचे, निजामशाहीतल्या सलाबतखानाच्या त्या बांधकामाचे, पाणी अशा वर्षीही टिकते म्हणून लोक तिचे नाव कौतुकाने घेत. पण जिल्ह्यातल्या बाकीच्या विहिरींना असा नावलौकिक नव्हता.

त्या काळातला एक कागद मला अजून अक्षरशः दिसतो. रात्री उशिरा दौऱ्यावरून परतलेल्या तहसीलदारांनी सिगारेटच्या पाकिटाचा आतला पांढरा कागद फाडून त्यावर पेन्सिलीने तीन गोष्टी लिहिल्या होत्या: गावाचे नाव, 'पिण्याचे', आणि 'उद्या सूर्योदयापूर्वी'. खाली आद्याक्षरे. जावक क्रमांक नाही, विषय नाही, संदर्भ नाही; 'तात्काळ' तर नाहीच. चिठ्ठी घेऊन आलेला जीपचा ड्रायव्हर बाकावर बसला नाही, उभाच राहिला. आम्ही तिघांनी कंदिलाच्या उजेडात खाजगी विहिरींची यादी काढली, त्या गावाच्या वाटेवर कोणाच्या मळ्यात पाणी आहे ते पाहिले, विहीर अधिग्रहणाचा हुकूम मीच लिहिला, आणि लिहिताना सवयीने कोठेही कालवाचक शब्द घातला नाही हे मला सही झाल्यावर उमगले. मळ्याच्या मालकाला रात्री उठविले तेव्हा त्याने हुकूम वाचलाही नाही. "पाणी हाय. बैल माझे न्या, टाकी तुमची आणा," एवढे बोलून तो पायतण शोधू लागला. तशा आणीबाणीच्या महिन्यांतले माझे जे काही हस्तलिखित हुकूम पुढे तपासणीच्या वेळी समोर आले, त्यांत गावे आहेत, आकडे आहेत, वेळा आहेत. ताबडतोबीचा एकही शब्द नाही.

त्याच दुष्काळातून रोजगार हमीची योजना उभी राहिली, आणि १९७७ साली तिचा कायदा झाला. एव्हाना मी मसुद्यांत बराच मुरलो होतो, म्हणून तो कायदा वाचताना माझी दृष्टी साहजिकच एका जागी खिळली. मजुराने काम मागितल्यावर ते 'तत्काळ' द्यावे असे त्यात म्हटलेले नव्हते; पंधरा दिवसांच्या आत द्यावे, न दिल्यास बेकारी भत्ता द्यावा, असे होते. कायदे करणाऱ्यांनी येथे क्रियाविशेषणावर विश्वास टाकला नव्हता. मग मी जुने कायदे या दृष्टीने पुन्हा वाचू लागलो. राज्यघटनेच्या २२ व्या अनुच्छेदात अटक झालेल्या माणसाला अटकेची कारणे 'शक्य तितक्या लवकर' सांगावीत असे आहे. परंतु त्याला दंडाधिकाऱ्यापुढे केव्हा उभे करावे हे सांगताना लेखणी सावध होते आणि चोवीस तास असा स्पष्ट आकडा लिहिते. 'फोर्थविथ', 'इमिजिएटली', 'ॲज सून ॲज मे बी' या शब्दांवर न्यायालयांनी पुष्कळ काथ्याकूट केलेला आहे, आणि त्याचे तात्पर्य बहुधा हेच निघते, की परिस्थिती पाहता जेवढा वाजवी वेळ लागेल तेवढा. वाजवी म्हणजे किती? ते पुन्हा ज्याच्या हाती संचिका आहे त्याने ठरवायचे! चोवीस तासांवर मात्र असा वाद घालता येत नाही. घड्याळ भिंतीवर असते आणि ते आरोपीच्या वकिलालाही दिसते.

मी सेवानिवृत्त झाल्यानंतर हा प्रवाह अधिक स्पष्ट झाला. २००५ च्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्याने तीस दिवस दिले, आणि प्रश्न जीविताचा किंवा स्वातंत्र्याचा असेल तर अठ्ठेचाळीस तास. त्याच वर्षाच्या महाराष्ट्राच्या अधिनियमाने, ज्यात बदल्यांचे विनियमन आणि शासकीय कामातील विलंबास प्रतिबंध हे दोन विषय एकत्र बांधलेले आहेत, आमच्या लाल चिठ्ठीलाच हात घातला: सर्वसाधारण संचिका कोणाही कर्मचाऱ्याकडे सात कामाच्या दिवसांहून अधिक राहू नये, तातडीची चार दिवसांत निघावी, आणि तात्काळ असलेली त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी. सारे आयुष्य ज्या शब्दाचा अर्थ मी माणसे, पायऱ्या आणि शाईचा रंग पाहून लावीत आलो, त्याचा अर्थ विधिमंडळाने दिवसांत मोजून दिला! पेशकारसाहेब तेव्हा हयात असते तर काय म्हणाले असते, हे मी सांगू शकतो. ते म्हणाले असते, "ठीक आहे, पण संचिका तात्काळ आहे हे ठरवणार कोण?"

रेल्वेच्या बाबतीत तर आम्हां बीडकरांनी 'लवकरच' या शब्दाचा जो दीर्घ अभ्यास केला तसा फार थोड्यांच्या वाट्याला आला असेल. नगर-बीड-परळी या २६१ किलोमीटरच्या मार्गाला १९९५ साली मंजुरी मिळाली, आणि नगरहून बीडपर्यंत प्रवासी गाडी धावली ती २०२५ च्या १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी. मधल्या तीस वर्षांत वर्तमानपत्रांच्या मथळ्यांतून, भाषणांतून, निवेदनांना आलेल्या उत्तरांतून जे 'लवकरच' आले ते कोणी मोजले नसतील. आणि कोणी खोटे बोलत होते असेही मी म्हणणार नाही. परळी जिल्ह्यातच असून तिला रुळांची कमतरता नव्हती. जिल्ह्याच्या ठाण्याला मात्र रूळ दिसायला एक पिढी जावी लागली. गाडीचे तिकीट 'तत्काल'मध्ये काढण्याची सोय आहे हे आम्ही गाडी येण्याआधी कितीतरी वर्षे दुसऱ्यांच्या स्थानकांवर जाऊन शिकलो होतो.

आमच्या दप्तराचा एक नियम अद्याप सांगायचा राहिला. कागदांचे अ, ब, क, ड असे वर्ग करतात. 'अ' वर्गाचे कागद कायमचे जतन करायचे, 'ड' वर्गाचे वर्ष उलटले की नष्ट करायचे. स्मरणपत्रे, माहिती मागविणारी परिपत्रके, त्यांना दिलेली उत्तरे, म्हणजे ज्यांच्यावर ताबडतोब, तात्काळ आणि उलट टपाली असे शिक्के पडलेले असत ते बहुतेक सारे 'ड' मध्ये जात आणि गठ्ठ्यागठ्ठ्यांनी निकालात निघत. जे कायम राहिले, उदाहरणार्थ १९५४-५५ ची खासरा पाहणी, जिच्यावर मराठवाड्यातल्या कुळांचे आणि वारसांचे तंटे आजही येऊन टेकतात, तिच्यात पाहावे तर केवळ भूमापन क्रमांक, क्षेत्र, पीक, कबजेदाराचे नाव. ती पाहणी ज्या पत्राने तात्काळ मागविली असेल ते पत्र केव्हाच नाहीसे झाले.

हल्ली शेजारपाजारचे लोक अर्ज लिहून घ्यायला माझ्याकडे येतात. परवा एक वृद्ध गृहस्थ आले; वडिलांच्या नावची जमीन वारसांच्या नावे व्हायची होती, आणि फेरफाराची नोंद काही केल्या मंजूर होत नव्हती. मी कागद पाहिले, चावडीवर नोटीस केव्हा लागली ती तारीख काढली, हरकतीच्या पंधरा दिवसांची मुदत कोणत्या दिवशी संपली ते लिहिले, त्यानंतर आजपर्यंत किती दिवस गेले ते लिहिले, महसूल अधिनियमाचे कलम १५० लिहिले, आणि अमुक तारखेपर्यंत निर्णय लेखी कळवावा असे लिहून अर्ज वाचून दाखविला. त्यांनी तो लक्षपूर्वक ऐकला. चेहऱ्यावर समाधान काही दिसेना.

"मास्तर, समदं बराबर हाय," ते म्हणाले, "पण त्यात 'तात्काळ' कुठंच आलं न्हाई."

"तारीख घातली आहे ना, आता त्याची गरज नाही," मी म्हणालो.

"तसं नव्हं. त्याबिगर अर्ज वाटत न्हाई तो."

शेवटच्या ओळीत 'निर्णय'च्या आधी थोडी जागा होती. तेथे मी तो शब्द बसविला, त्यांना पुन्हा वाचून दाखविला, आणि त्यांनी अंगठ्याऐवजी मोठ्या अभिमानाने सही केली.